आठवा रकाना

माझी सून पुटपुटते. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, मागून बोलायची मला सवय नाही. बाकी मुलगी वाईट नाही. कामाला दणकट आहे, भांडी घासते ती आरशासारखी, उलटून बोलत नाही. किंवा बोलत असेल तर पुटपुटल्यामुळे ते माझ्यापर्यंत पोचत नाही. ओठ हलताना दिसतात, आवाज मात्र तिच्या पदरातच राहतो. "सूनबाई, तोंडात काही आहे का?" असं मी दिवसातून दहा वेळा विचारते. मग ती तेच वाक्य पुन्हा म्हणते, आणि मला वाटतं मुद्दाम, पहिल्यापेक्षा हळू.

तसं बघायला गेलं तर हल्ली सगळ्याच बायका पुटपुटतात. पुरुषांचं बरं असतं. आमच्या समोरच्या खोलीत एक निवृत्त कारकून राहतात, सगळ्या इमारतीचे अर्ज तेच लिहून देतात, म्हणून त्यांना सगळे अर्जदार म्हणतात. ते नुसते खोकले तरी त्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं. माझ्या मुलाचा आवाजही असाच भरदार होता. तो जिन्यात असला तरी मला त्याचं अक्षरन् अक्षर ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण ही गोष्ट त्याची नाही. त्याच्यामागे घर जरा जास्तच शांत झालं एवढंच.

शिवाय घरातल्या वस्तूही बिघडत गेल्या. दाराची घंटा वाजेना. वायरमनला तीनदा बोलावला, तिन्ही वेळा तो म्हणाला घंटा ठीक आहे. मी म्हटलं, बाबा, तुझं शिक्षण कमी पडलं असेल. नवा कुकर आणला तो शिट्टीच देत नव्हता. दोनदा आतलं सगळं कोळसा झालं. आणि खिडकीतल्या चिमण्या कुठे गेल्या कोण जाणे. ह्या इमारतीत कुणालाच कशाची काळजी नाही, म्हणून त्यासुद्धा सोडून गेल्या असतील.

तर सांगत होते सुनेचं. तोंडाने पुटपुटणारी ही बाई कागदावर मात्र ठणठणीत बोलते. एके दिवशी पिठाचा डबा उचलला तर खाली एक अर्ज. मी चौथी शिकले आहे. म्हणजे चौथीची परीक्षा दिली नाही, तेव्हा खरं तर तिसरीच. घरात मी चौथी सांगते, पण आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत गेले. वर लिहिलं होतं, ज्या घरात मूल सांभाळायला कुणी नाही अशा घरी बाल-सांभाळ कार्यालयाकडून शिकलेली बाई पाठवण्याबाबत. खाली रकाने. सातवा रकाना असा: मूल सांभाळू शकेल असं घरात दुसरं कोणी आहे का?

त्यापुढे सुनेच्या वळणदार अक्षरात एकच शब्द. नाही.

मी डबा तसाच धरून उभी राहिले. मग स्वयंपाकघर बघितलं. मी होते. माझ्या चपला होत्या, चष्म्याची डबी होती, निम्मा चहा प्यायलेला कप होता. एवढं सगळं ज्या बाईचं आहे ती बाई घरात नाही, असं माझ्या घराच्या कागदावर लिहिलेलं होतं.

आता मी कोण आहे ते सांगायला हवं, कारण त्या अर्जाला ते माहीत नव्हतं. पाळणाघर हा शब्द आमच्या गल्लीत यायच्या आधीपासून मी पाळणाघर होते. माझा एक धरून बारा पोरं मी ह्या दोन खोल्यांत वाढवली. ट्रक चालवणाऱ्याची जुळी, रात्रपाळीच्या नर्सचा मुलगा, शाळेतल्या शिपाईणीच्या दोन मुली, आणि अशीच बाकीची. ज्यांना कुणी नाही त्यांना मी. आणि मला बघावंही लागत नसे. कुणाचं रडणं भुकेचं, कुणाचं झोपेचं, ते मी शेगडीकडे तोंड करून सांगायची. भुकेचं रडणं खालून वर चढतं. झोपेचं वरून खाली उतरतं. दुखण्याचं रडणं मध्येच तुटतं, आणि तुटलं की हातातलं टाकून धावायचं असतं. खोट्या रडण्याला लांबलचक शेपूट असतं. नर्स मला म्हणायची, "मावशी, आमच्या वॉर्डात यंत्रं आहेत, पण तुमचे कान नाहीत."

अशा बाईला सुनेने एका शब्दात पुसून टाकलं.

सून रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. सकाळी सहाला पाळी लागते, दोनला सुटते. पाळणाघरं उघडतात नऊला. नातीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण साखर कुठेही ठेवा, ती तिथे पोचते. तीन वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मुंगी माझ्याकडेच असायची. मग एका दुपारी काहीतरी झालं, ते मी पुढे सांगेन, सांगावंच लागलं तर. त्यानंतर सून तिला खालच्या शिंपिणीकडे ठेवू लागली. तीन आठवड्यांत मुंगीने शिंपिणीचं एक बटण गिळलं. बटण यथावकाश मिळालं, पण ते ज्या ब्लाउजचं होतं त्याची मालकीण ते लावून घ्यायला तयार होईना, आणि शिंपिणीने हात जोडले. म्हणून हा अर्ज.

मी अर्ज सुनेपुढे ठेवला. "ही 'नाही' कोण?"

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने."

"आई, काम सुटलं तर आपलं कसं होणार?" हे तिने माझ्याजवळ येऊन, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं. उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. पण तिचे डोळे बघून मी पुढे बोलले नाही. त्या दिवसापुरतं.

बातमी जिन्यात गेली. आमच्या जिन्यात बातमीला पाय असतात, माणसांनाच गुडघेदुखी. संध्याकाळी अर्जदार घरी आले, चष्मा कपाळावर, हातात स्वतःचं पेन. त्यांनी अर्ज वाचला आणि मला म्हणाले, "वहिनी, ह्यात एकच अडचण आहे. तुम्ही."

"मी सगळ्याच घराची अडचण आहे. पुढे बोला."

"पाहणीला बाई येणार. तुम्ही घरात दिसलात की अर्ज गेला. तेव्हा पाहणीच्या दिवशी तुम्ही पाहुण्या व्हा. पिशवी भरून दाराशी ठेवा."

"माझ्या घरात मी पाहुणी? हे दार माझ्या नवऱ्याने रंगवलंय."

"मग अंथरूण धरा. गादी, पांघरूण, कण्हणं. मी कण्हण्याचा मजकूर सांगतो."

शिंपीणही येऊन बसली होती. तिचं म्हणणं पाय मुरगळून घ्यावा. कसा मुरगळायचा हेही ती दाखवायला निघाली आणि पायरीवरून खरंच घसरली. पुढचे पाच दिवस तिचा पाय सुजला होता. तिच्या शिवणयंत्राला पाय लागतो. इमारतीतले दोन झगे अर्धवट राहिले आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटलं.

सून म्हणाली, "मी खोटं सांगणार नाही." हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. तिला हवं असतं तेव्हा तिला बोलता येतं.

पाहणीच्या दिवशी मी ठेवणीतलं नेसले, केसांना तेल लावलं आणि दारासमोरच्या खुर्चीत बसले. अंथरूण नाही, पिशवी नाही. येऊ दे, म्हटलं, कोण येतंय ते.

आली ती एक पोरगेली बाई, खांद्याला फायलींची पिशवी. तीही पुटपुटणारी निघाली. सरकारने निवडून निवडून घेतलेल्या असतात की काय कळत नाही. तिने मला विचारलं, शेजार कसा आहे. मी म्हटलं, "शेजार तसा बरा आहे. वरची ओले कपडे न पिळता वाळत घालते, ते आमच्या खिडकीत गळतात. समोरचे सज्जन आहेत पण फुकट सल्ले देतात." तिने सुनेकडे बघितलं. मग विचारलं, कधी लढता का. प्रश्न जरा विचित्र होता, पण कार्यालयाचे प्रश्न असेच असतात. मी खरं सांगितलं. "मी सुरुवात करत नाही. समोरच्याने केली तर मात्र सोडत नाही."

सुनेने मान खाली घातली. नंतर तिने मला सांगितलं की बाईने आजार विचारला होता, शेजार नाही. आणि तोल जाऊन कधी पडता का, असं विचारलं होतं. तिचं तिच्यापाशी. मला अजूनही वाटतं बाईने शेजारच विचारला.

बाईने एक चिठ्ठी लिहून दिली. घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या कानांची तपासणी करून ती सक्षम की अक्षम याचा दाखला जोडावा.

अर्जदारांनी मला समजावून सांगितलं. "वहिनी, एका अक्षराचा खेळ आहे. स आला तर बाई येणार नाही. अ आला तर बाई येणार. तुम्ही फक्त अ आणा."

मी तिसरी शिकले असले तरी मला मुळाक्षरं येतात. अ ने अक्षम. अ ने अडगळ. अ ने अपमान. सबंध आयुष्य मी स मध्ये काढलं होतं, आणि आता म्हातारपणी मला अ आणायला पाठवत होते, जसं काही तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

सुनेने रजा काढली. धुलाईघराच्या मुकादमबाईने आधीच तंबी दिली होती, एवढी रजा शेवटची. रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, टेलिफोनच्या जुन्या खोक्यापेक्षा जरा मोठी. मला आत बसवलं, कानांवर जाड डबडी चढवली, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे यंत्रापाशी एक चष्मेवाली मुलगी बसली.

पहिले दोन आवाज आले, ढोलावर दूर कुणी थाप मारावी तसे. मी दाबलं. मग काहीच येईना. पण मी बघत होते. मुलीने यंत्राची कळ दाबली की यंत्रावर एक बारीक दिवा लागत होता, आणि तो दिवा तिच्या चष्म्याच्या काचेत चमकत होता. मोत्याएवढा. मी बारा पोरं वाढवलेली बाई आहे; पोराच्या हातात काय आहे ते मी त्याच्या डोळ्यांत बघून ओळखते. चमकला की मी दाबलं. चमकला की दाबलं. एकदाही चुकले नाही. मुलगी चकित झाली. तिने डॉक्टरांना बोलावून कागद दाखवला. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." मी त्यांची आजी लागत नाही, पण त्या दिवशी सोडून दिलं.

दाखल्यावर शिक्का बसला. सक्षम.

मी तो कागद हातात धरून रस्त्याने चालले, कुणी बक्षीस दिल्यासारखा. सून शेजारून चालत होती. ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. गाड्यांचा गोंगाट फार होता. चौकात मी वळून बघितलं तेव्हा ती पदराने नाक पुसत होती. म्हटलं, धूळ असेल.

आठ दिवसांत अर्ज नामंजूर होऊन परत आला. घरात सक्षम व्यक्ती असल्याने.

मला वाटलं, आता तरी सून माझ्याजवळ पोर देईल. शिक्का मारून सिद्ध झालंय. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर तिने मुंगीला झोपेतच स्वेटर चढवला होता आणि खांद्यावर टाकून दाराबाहेर पडत होती.

"कुठे?"

"कामावर." मुंगीची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती.

"मी काय मेले आहे?"

ती जिना उतरून गेली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी शिंपीण अजून जरा लंगडत वर आली आणि तिने मला सांगितलं, मुंगी धुलाईघरात मळक्या चादरींच्या चाकाच्या गाड्यात बसलेली असते. गरम पाइप, ओली फरशी, आणि पोर गाड्यात. मुकादमबाईने ते बघितलं आहे. सोमवारपासून पोरीला घेऊन यायचं नाही. आणायची असेल तर तूही येऊ नकोस.

मी म्हटलं, "घरात धडधाकट आजी असताना ही बाई पोरीला मळक्या चादरीत ठेवते. जगाला सांग."

शिंपीण पुढे सरकली. मग माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, त्या दुपारी मी तुमचं दार वाजवत होते. अर्धा तास."

ती गेल्यावर मी नामंजूर अर्ज पुन्हा काढला. रागाने काढला, सुनेच्या त्या 'नाही'वर चार शब्द बोलायला. बोट फिरवत पुढे गेले तेव्हा सातव्याच्या खाली आठवा रकाना दिसला. पहिल्यांदा मी सातव्यावरच थांबले होते. आठव्यात छापलं होतं: घरात मोठी व्यक्ती असूनही ती मूल सांभाळू शकत नसल्यास कारण लिहा.

तो रिकामा होता. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. ज्या बाईला पाहणीवालीसमोर माझी पिशवी भरून ठेवणं जमलं नाही, जिला खोटं बोलता येत नाही, तिने तिथे पेनच टेकवलं नव्हतं.

आता सांगावंच लागतं.

त्या दुपारी मी न्हाणीघराच्या भिंतीला पाठ टेकून मटार सोलत बसले होते. मुंगी खेळत होती. मला वाटलं आतल्या खोलीत. अडीचच्या सुमारास सून किल्लीने दार उघडून आत आली, मागे शिंपीण. मी म्हटलं, "आलीस? किती गुणी पोर आहे, तासभर हूं की चूं नाही." सून माझ्या अंगावरून पुढे गेली आणि तिने न्हाणीघराचं दार खांद्याने तोडलं. आत मुंगीने कडी लावून घेतली होती, ती तिला काढता येत नव्हती. फरशीवर बसली होती. तिचा आवाज बसला होता. रडून रडून इतका बसला होता की आता नुसतं तोंड उघडत होतं आणि हवा बाहेर येत होती. दाराला खालच्या बाजूला तिच्या नखांचे ओरखडे होते. मी ज्या भिंतीला टेकले होते, तिच्या पलीकडे ती माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर होती.

सुनेने तिला उचलून घेतलं. संध्याकाळी तिने स्क्रूड्रायव्हर घेऊन न्हाणीघराची कडी काढून टाकली. सांडलेले मटार गोळा केले. मी म्हटलं, "नळ सुरू होता, म्हणून." ती "हो" म्हणाली. नळ सुरू नव्हता. तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

शुक्रवारी मी कार्यालयात गेले. एकटी. अर्जदार बरोबर येत होते, त्यांना म्हटलं, "तुमचं पेन द्या, तुम्ही राहू द्या."

कार्यालय म्हणजे एक लांब दालन, बाकांवर माणसं, आणि टोकाला काच. काचेला खाली एक भोक, वाटीएवढं. आतल्या साहेबाचं तोंड एका उंचीवर, भोक दुसऱ्या उंचीवर. ज्याने हे बनवलं त्याला कुणाशी बोलायचं नसणार. मी अर्ज आत सरकवला. साहेबाने वाचला. त्याचा आवाज बरा होता, पुरुषी.

"ह्यात आठवा रकाना कोरा आहे. कारण लिहिलं असतं तर तेव्हाच विचार केला असता. काय कारण आहे?"

मी हळूच सांगितलं.

"काय? मोठ्याने बोला."

मी जरा मोठ्याने सांगितलं. माझ्या मागे बाकांवर तीस-चाळीस माणसं असतील.

त्याने कानामागे हात नेला. "आजी, ऐकू येत नाही."

"तेच तर सांगतेय," मी म्हटलं. मग भोकाशी तोंड नेऊन, आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "मला ऐकू येत नाही."

दालन गप्प झालं असावं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली, तेवढं दिसलं. एका कोपऱ्यातली म्हातारी मान हलवत होती, तिला ऐकू गेलं असावं किंवा तिचीही तीच तऱ्हा असावी.

साहेबाने दाखला वर केला. "पण इथे तर सक्षम आहे. डॉक्टरांची सही आहे."

"मी फसवलं."

"डॉक्टरांना?"

"त्या मुलीच्या चष्म्यात दिवा दिसत होता."

त्याने पेन खाली ठेवलं. तो हसेल असं मला वाटलं, पण तो हसला नाही. त्याने अर्ज परत दिला आणि सांगितलं, आठवा रकाना भरा, नवा दाखला आणा. तो आज आला तर सोमवारी पहाटेपासून बाई येईल. मी तिथेच, काचेसमोरच्या फळीवर, उभ्याने लिहिलं. माझी अक्षरं मोठी असतात, रकान्यात मावत नाहीत. 'पोर रडली मला ऐकू आलं नाही' एवढं लिहायला मला मागे रांग लागेपर्यंत वेळ लागला. मागचा माणूस काही म्हणाला असेल. बरंच झालं.

रुग्णालयात तीच चष्मेवाली मुलगी होती. मी तिला सांगितलं, मागच्या वेळी मी लबाडी केली. ती गोंधळली. मी आत बसले, डबडी चढवली, बटण हातात घेतलं आणि डोळे मिटले.

ढोलाचे दोन ठोके आले. दाबलं. मग मी वाट बघत बसले. अंधार, आणि माझा स्वतःचा श्वास. म्हटलं, यंत्र अडकलं असेल. म्हटलं, मुलगी पाणी प्यायला गेली असेल. मी मनात आकडे मोजू लागले. शंभराच्या पुढे मला नीट येत नाहीत, म्हणून पुन्हा एकपासून. मग कुणीतरी माझ्या कानावरची डबडी उचलली. डोळे उघडले तर मुलगी समोर उभी.

"कधी सुरू करणार?" मी विचारलं.

ती माझ्यासमोर खाली बसली, म्हणजे तिचं तोंड मला दिसेल अशी. पोर शहाणी होती. "झालं, आजी."

तिने मला कागद दाखवला. त्यावर एक रेघ होती, थोडी सरळ जाऊन मग उतारावरून गडगडत गेलेली. तिने बोट ठेवलं. "इथपर्यंत तुम्हाला येतं. जाड आवाज. इथून पुढे नाही."

"इथून पुढे काय असतं?"

"बारीक आवाज. दाराची घंटा. कुकरची शिट्टी." तिने जरा विचार केला. "पाखरं. बायकांचं बोलणं बरंचसं. लहान मुलं."

म्हणजे चिमण्या कुठे गेल्या नव्हत्या. वायरमनलाही मी उगाच बोलले होते.

शिक्का बसला. अ. त्याच मुलीने, त्याच शाईने. मी तो कागद घडी घालून कमरेला खोचला. सुनेचं धुलाईघर त्याच इमारतीच्या तळघरात आहे. दोन वाजायला अवकाश होता. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. मी म्हणायची, चादरी धुताना काय बघायचं.

खाली उतरले तशी फरशी पायाखाली थरथरायला लागली. मोठाली गोल यंत्रं, वाफ, आणि एक लांब तापलेला लाटण्यासारखा रूळ, त्यात दोघी दोघी मिळून ओल्या चादरी सारत होत्या. सगळ्या बायका बोलत होत्या, आणि त्यांच्यातल्या एकीलाही दुसरीचं ऐकू येत नसणार, कारण त्या तोंड भरून, सबंध चेहऱ्याने बोलत होत्या. हात, भुवया, ओठ. एकीने पलीकडच्या टोकाला सांगितलं की तिचा नवरा कालही भांडला. मला तिथून कळलं. दुसरी म्हणाली, कशाला ऐकून घेतेस. तेही कळलं. दोन वर्षांत इतक्या बायकांचं बोलणं मला एकदम कळलं नव्हतं.

मुंगी कोपऱ्यात चाकाच्या गाड्यात बसली होती, चादरीच्या एका गठ्ठ्याला टेकून, हातात साखरेची पुडी. कुणी दिली देव जाणे. मला बघून तिने तोंड उघडलं. काय म्हणाली ते मला माहीत आहे, कारण मी दिसले की ती एकच गोष्ट म्हणते. "आजी."

सुनेने मला बघितलं. चादरीचं टोक सोडून ती धावत आली. चेहरा पांढरा पडला होता. तिने माझे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, काय झालं, आई, पडलात का. शब्दन् शब्द दिसला. मग मला उमगलं की ती घरीही असंच बोलते. रोज. तोंड असंच पूर्ण उघडून, माझ्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून. मी त्याला पुटपुटणं म्हणत होते.

मी कमरेचा कागद काढून तिच्या ओल्या हातात दिला. मग अर्ज दिला, आठवा रकाना वर करून. तिने वाचलं. माझी अक्षरं रकान्याबाहेर गेली होती, नवव्यात शिरली होती. ती तिथेच खाली बसू लागली, फरशी ओली असताना, म्हणून मी तिला दंडाला धरून उभी केली.

मला जे बोलायचं होतं ते त्या गोंगाटाच्या वरून बोलायला हवं होतं, म्हणून मी छाती भरून घेतली. त्याच वेळी कुणीतरी यंत्रं बंद केली असावीत. फरशी थांबली होती, पण ते माझ्या पायांना उशिरा कळलं. तोवर मी सुरू झाले होते, आणि सगळ्या धुलाईघराने चादरी हातात धरून ते ऐकलं.

"सूनबाई, हा रकाना तू कोरा ठेवलास, ते चुकलं. खरं बोलायचं तर पुरतं बोलायचं, माझी लाज झाकायला पोरीला गाड्यात बसवायचं नाही. हे कागद आज कार्यालयात दिले की सोमवारी बाई येईल, तिला मी मुंगीचं सगळं समजावून सांगेन, कुठलं रडणं कशाचं ते. ऐकायचं काम ती करेल. आणि आणखी एक, हे सगळ्यांच्या समोर सांगते. तू पुटपुटत नाहीस. तू कधीच पुटपुटत नव्हतीस."